व्हिडिओ बैठकीत भजनाचा सराव: टाळ विरारला पोहोचतच नाही

लालबागची टाळकरी यांचा प्रश्न

सप्रेम नमस्कार. आमचे महिला भजनी मंडळ लालबागच्या एका चाळीत दर गुरुवारी संध्याकाळी बसत असे. चाळ पुनर्विकासासाठी रिकामी झाली आणि आम्ही चौदाजणी विरार, बदलापूर, भांडुप, परळ अशा भाड्याच्या घरांत विखुरलो. प्रत्यक्ष एकत्र येणे आता महिन्यातून एकदाच जमते, म्हणून उरलेल्या गुरुवारी झूमवर सराव करायचे ठरवले. तीन गुरुवार प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा फजिती झाली.

पेटी वाजवणाऱ्या काकू मुलाच्या लॅपटॉपवरून जोडल्या जातात, एकजण आयपॅडवरून आणि बाकीच्या निरनिराळ्या फोनवरून. भांडुपच्या घरी सासू आणि सून दोघीही मंडळात असल्यामुळे तेथे एकाच खोलीत दोन फोन चालू असतात. बैठक मी माझ्या फोनवरून सुरू करते. ध्रुपद सगळ्यांनी मिळून धरले की प्रत्येकीला बाकीच्या सगळ्या मागे पडल्यासारख्या वाटतात. पेटीचा सूर सुरुवातीला ऐकू येतो आणि काकूंनी तो धरून ठेवला की विरघळल्यासारखा नाहीसा होतो. टाळ तर पोहोचतच नाही. विरारच्या ताईंना माझे हात हलताना दिसतात, पण आवाज येत नाही. शिवाय भांडुपहून मधूनच अशी कर्कश शिट्टी येते की सगळ्याजणी कान झाकून घेतात. आषाढी एकादशीला देवळात आमची सेवा आहे. हा सराव कसा साधावा, हे कृपया कोणी जाणकाराने सांगावे.

बोरिवलीकर यांचे उत्तर

ताई, माझ्या अनुभवाप्रमाणे बहुतेक तक्रारी इंटरनेटच्या वेगामुळे उद्भवतात. घरी फायबरची जोडणी घ्यावी आणि झूमऐवजी गूगल मीट वापरून पाहावे. झूमच्या मोफत खात्यावर बैठक ४० मिनिटांत संपते, मीटवर मोफत गटबैठक ६० मिनिटे चालते. दोन्हीकडे १०० जणांपर्यंत सोय आहे, त्यामुळे तुमच्या मंडळाला संख्येची अडचण येणार नाही.

गिरगावचा ध्वनिमुद्रक यांचे उत्तर

बोरिवलीकरांनी वेळेच्या मर्यादेविषयी लिहिलेले बरोबर आहे, परंतु फायबर घेऊनही चौदाजणींचे ध्रुपद एकत्र येणार नाही, हे ताईंनी खर्च करण्यापूर्वीच जाणून घेतलेले बरे. येथे अडचण वेगाची नसून विलंबाची आहे. आवाज फोनमध्ये शिरतो, त्याचे लहान तुकडे होतात, ते सर्व्हरपर्यंत जाऊन परत येतात आणि समोरच्या फोनमध्ये पुन्हा जुळवले जातात. या प्रवासाला सर्वसाधारणपणे सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. बोलताना १५० मिलिसेकंदांपर्यंतचा विलंब माणसाला फारसा जाणवत नाही. गाण्यावाजवण्याचे मात्र तसे नाही, कारण २५ ते ३० मिलिसेकंदांपलीकडे विलंब गेला की ठेका सैल पडू लागतो. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे ३० मिलिसेकंदांत साधारण १० मीटर. लांबलचक दिंडीत पुढच्यांचा टाळ आणि मागच्यांचा टाळ वेगळा पडतो, तो याच कारणाने. तुमची दिंडी तर लालबागपासून विरारपर्यंत पसरली आहे!

जॅम्युलससारखी मोफत प्रणाली हा विलंब बराच कमी करते, पण तिला प्रत्येकीकडे संगणक, राउटरला तारेने जोडलेले इंटरनेट आणि तारेचे हेडफोन लागतात. भाड्याच्या घरांत हे सगळे जमवण्याची खटपट मी सुचवणार नाही.

पेटी आणि टाळ नाहीसे होण्याचे कारण निराळे आहे. ही ॲप मुळात कचेरीच्या बैठकांसाठी घडवली गेली. माणसाचे बोलणे ओळखून ते पुढे पाठवायचे आणि बाकी सगळे गाळायचे, हा त्यांचा स्वभाव. एकाच पट्टीत लांबलेला पेटीचा सूर त्यांना पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो आणि टाळाचा ठोका कोणी भांडे आपटल्यासारखा वाटतो, म्हणून दोन्ही कापले जातात. झूममध्ये यावर ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ नावाची सोय आहे. लॅपटॉपवर ती सेटिंग्जमधील ऑडिओ विभागात चालू करावी लागते, त्यानंतर बैठकीच्या पडद्यावर तिचे बटण दिसू लागते आणि तेही दाबावे लागते. पुष्कळजण पहिली पायरी करून थांबतात आणि काही फरक पडला नाही म्हणून सोडून देतात. काकूंनी त्यासाठी ब्राउझरमधून न जोडता लॅपटॉपवर झूमचे ॲप उतरवून घ्यावे.

आता भांडुपची शिट्टी. प्रत्येक फोन स्वतःच्या स्पीकरमधून काय बाहेर पडले हे जाणतो आणि तेवढे आपल्या मायक्रोफोनमधून वजा करतो; शेजारच्या फोनच्या स्पीकरविषयी त्याला काहीच माहीत नसते. त्यामुळे सुनेच्या फोनमधला आवाज सासूबाईंच्या फोनमध्ये शिरतो, तेथून पुन्हा सुनेच्या फोनमध्ये येतो आणि ही फेरी वाढत जाऊन शिट्टी होते. एका फोनचा मायक्रोफोन बंद करणे पुरत नाही, त्याचा आवाजही पूर्ण उतरवावा. त्याहून सोपे म्हणजे दोघींनी एकाच फोनसमोर बसावे. दोघींचे चेहरे वेगवेगळे दिसावेत असा आग्रह असेल, तर दुसरा फोन बैठकीत जोडताना ऑडिओ जोडूच नये.

मुलुंडच्या काकू यांचे उत्तर

आमचेही भजनी मंडळ आहे आणि २०२० च्या टाळेबंदीत आम्ही हाच मार्ग चोखाळला होता, म्हणून तंत्रापेक्षा पद्धतीविषयी लिहिते. एकत्र गाण्याचा हट्ट सोडल्यावर आमचा सराव मार्गी लागला. पेटीवाल्या ताईंनी काळी चारच्या पट्टीत पेटी आणि टाळाचा ठेका यांचे ध्वनिमुद्रण करून व्हॉट्सॲपवर पाठवायचे. ते बोलून पाठवायच्या संदेशासारखे न पाठवता स्वतंत्र फाइल म्हणून जोडायचे, म्हणजे सुरांची गुणवत्ता घसरत नाही. बैठकीत लॅपटॉपवरून पडदा शेअर करताना ‘शेअर साउंड’ वर खूण करून तेच मुद्रण सगळ्यांना ऐकवायचे. त्या वेळी प्रत्येकीचा मायक्रोफोन बंद असतो आणि जी ती आपल्या घरी मोकळ्या गळ्याने गाते. तिला फक्त पेटी आणि स्वतःचा आवाज ऐकू येतो, त्यामुळे मागेपुढे होण्याचा प्रश्नच उरत नाही. मग एकेकीला नाव घेऊन बोलवायचे आणि तिने एकटीने एक कडवे म्हणून दाखवायचे. खरे सांगायचे तर घोळक्यात वर्षानुवर्षे लपलेली बेसुरी जागा आम्हाला या बैठकांतच सापडली. काहीजणी रुसल्या, तो भाग निराळा.

यासाठी बैठक फोनवरून न चालवता पेटीवाल्या काकूंच्या लॅपटॉपवरून चालवावी. फोनवर एका वेळी साधारण चारच चेहरे दिसतात आणि कोणाचा मायक्रोफोन उघडा आहे हे शोधण्यात अर्धा अभंग निघून जातो. लॅपटॉपवर चौदाहीजणी एका पडद्यावर मावतात. बैठक चालवणाऱ्या व्यक्तीला सगळ्यांचे मायक्रोफोन एकदम बंद करता येतात, पण दुसऱ्याचा मायक्रोफोन परस्पर उघडता येत नाही, केवळ विनंती पाठवता येते. ती विनंती आली की पडद्यावर नेमके कोठे बोट टेकवायचे, हे वयस्कर मैत्रिणींना घरी जाऊन एकदा दाखवून यावे. फोनवर समजावून ते समजत नाही, हे मी पुरेपूर अनुभवले आहे.

ब्लूटूथचे इअरफोन कोणीही वापरू नयेत, कारण ते आपल्या परीने आणखी १०० ते २०० मिलिसेकंद, काही वेळा त्याहूनही अधिक विलंब घालतात. तारेचे घ्यावेत. ज्या नव्या फोनांना गोल पिनेचे छिद्र नसते, त्यांच्यासाठी टाइप-सी पिनेचे इअरफोन लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतात. आणि फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’ वर ठेवावा, कारण मध्येच कोणाचा फोन आला की बैठकीचा मायक्रोफोन तो घेऊन टाकतो.

लालबागची टाळकरी यांचे प्रत्युत्तर

आपणा सर्वांचे आभार. काल पेटीवाल्या काकूंच्या घरी जाऊन ‘ओरिजिनल साउंड’ ची दोन्ही बटणे चालू केली आणि मी त्यांच्याच शेजारी बसून टाळ वाजवला. तो विरारला स्वच्छ ऐकू आला, पेटीही शेवटपर्यंत टिकली. हुरूप येऊन मी सगळ्यांनाच आपापल्या फोनवर तीच सोय चालू करायला सांगितले आणि आता नवीच पंचाईत झाली आहे: बदलापूरचा पंखा, परळचा कुकर आणि भांडुपच्या खिडकीखालची रिक्षा असे सगळेच भजनाला बसले आहेत.

गिरगावचा ध्वनिमुद्रक यांचे उत्तर

ताई, ती सोय आवाज गाळणे थांबवते, त्यामुळे जे खोलीत असेल ते सगळे जाते. ज्या लॅपटॉपसमोर पेटी आणि टाळ आहेत, तेथेच ती चालू ठेवावी आणि इतर सर्वांनी पूर्ववत बंद करावी. एकेकीचे कडवे ऐकण्यास नेहमीची गाळणी पुरेशी आहे. टाळ लॅपटॉपपासून चार-पाच हात दूर धरावा, नाहीतर त्याचा ठोका मायक्रोफोनला पेलणार नाही आणि फाटल्यासारखा ऐकू येईल.

मुलुंडच्या काकू यांचे उत्तर

आणि ४० मिनिटांची चिंता करू नका. आम्ही त्यात दोनच अभंग घेत असू, आणि तेही कधी पुरते झाले नाहीत.