नियमगिरीच्या नकाराचा भुर्दंड भागधारकाने का सोसायचा?

घाटवाट: २४ ऑगस्ट २०१० रोजी पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ओडिशातल्या नियमगिरीच्या बॉक्साइट (अॅल्युमिनियमचं कच्चं खनिज) खाणीला वन परवानगी नाकारली. वेदांत समूहाचा लांजीगढचा अ‍ॅल्युमिना कारखाना तोवर चालूही झाला होता. खाण राज्याच्या महामंडळाची, बॉक्साइट पुरवायचा करार त्याच महामंडळाचा, २००८मध्ये सुप्रीम कोर्टाची संमती आणि मग केंद्राची पहिल्या टप्प्याची मंजुरी. नाहीच म्हणायचं होतं तर आधी म्हणायचं! डिसेंबर २०१२मध्ये बॉक्साइटअभावी कारखाना बंद पडला. या कागदांवर विसंबून शेअर घेणाऱ्याचा काय गुन्हा?

सह्यकडा: साफ असहमत. खाण हातात नसताना कारखाना बांधा असं कुणी सांगितलं होतं? पहिल्या टप्प्याची मंजुरी म्हणजे अंतिम परवाना नव्हे. केंद्रानेच नेमलेल्या सक्सेना समितीने वनहक्क कायदा पायदळी तुडवल्याचं लिहिलं. वर्षाला १० लाख टनांचा कारखाना ६० लाखांवर न्यायचं काम परवानगीआधीच सुरू केल्याचंही लिहिलं. धोका संचालकांनी पत्करला, खापर सरकारवर का?

घाटवाट: धोका त्यांनी पत्करला, पैसे कुणाचे गेले? २०१३च्या विलीनीकरणात वेदांत समूहाच्याच सेसा गोवा आणि स्टरलाइट एक झाल्या, सोबत कर्जाने वाकलेली वेदांत अ‍ॅल्युमिनियमही आली. गोव्याच्या लोहखनिजाकडे पाहून सेसाचे शेअर घेतलेल्याच्या गळ्यात लांजीगढ पडलं.

मांडवीकाठ: त्याला तर दोन्हीकडून मार. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर २०१२मध्ये गोव्यातल्या खाणीही थांबल्या. पण डिचोली-सांगेकडे या. खनिज वाहणारे ट्रक दारात उभे राहिले आणि बँकेचे हप्ते थकले. शेअर पडला तरी विकता येतो. सगळ्याच खाणी बंद असताना तो ट्रक कोण घेणार होतं? आधी त्यांचं बोला.

सह्यकडा: आणि नियमगिरीवरच्या डोंगरिया कोंध आदिवासींचंही बोला. १८ एप्रिल २०१३च्या निकालाने सुप्रीम कोर्टाने प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवला. जिल्हा न्यायाधीशांच्या देखत १२ गावांत सभा झाल्या, बाराही ठिकाणी नकार. नियमराजाचा डोंगर आहे तो, त्यांचं दैवत. भागधारकाचा परतावा त्याच्यापुढे ठेवायचा? शिवाय सूचना होतीच. नॉर्वेच्या सरकारी फंडाने २००७मध्येच समूहाची मूळ कंपनी असलेल्या लंडनच्या वेदांत रिसोर्सेसला गुंतवणुकीतून वगळलं, चर्च ऑफ इंग्लंडने फेब्रुवारी २०१०मध्ये शेअर विकले. कारणं दोघांनीही जाहीर केली होती.

घाटवाट: ग्रामसभांचा कौल मला मान्यच आहे, तो डोंगर त्यांचाच. पण जळगावच्या निवृत्त शिक्षकाच्या दिमतीला नॉर्वेसारखी नीतिसमिती नसते. म्हणून माझी मागणी एवढीच: कुठला परवाना हातात आहे, कुठला अडकलाय, कुठल्या टप्प्यावर, हे खाण कंपन्यांनी दर तिमाही निकालात पहिल्याच पानावर छापावं. शेअर बाजाराची नियामक सेबी, तिने सक्ती करावी.

सह्यकडा: याला पाठिंबा. मात्र त्याच पानावर ग्रामसभेचा ठरावही हवा, शब्द न बदलता.