तापाच्या दुसऱ्या दिवशी कसं कळणार?
"चांगला डॉक्टर चुकत नाही" असं कुणीतरी म्हटलं, म्हणून लिहितो. कळव्यात माझा छोटा दवाखाना आहे. पावसाळ्यात निम्मे पेशंट तापाचेच. डेंग्यूत सुरुवातीला प्लेटलेट बहुधा ठीक असतात. खरा धोका ताप उतरताना, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी. दुसऱ्या दिवशी पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवलेला एक मुलगा चौथ्या दिवशी ॲडमिट झाला. बरा झाला, पण मी आठवडाभर स्वतःला बोल लावत होतो. बायको (तीही डॉक्टर) म्हणाली, "हेच माझ्याकडून झालं असतं तर मला काय म्हणाला असतास?" गप्पच बसलो. आता चिठ्ठीवर लिहितो: ताप उतरला तरी पोटात दुखलं, उलट्या थांबेनात, तर लगेच या. अक्षर काही सुधारलेलं नाही, तेव्हा तोंडीही सांगतो.