शब्दचर्चा : फलंदाजाने ‘नांगर टाकला’ म्हणजे नेमकं काय केलं?

पऱ्हाटी (दारव्हा तालुका)

फैज फजलच्या कारकिर्दीबद्दल वाचत होतो. विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला त्या २०१७-१८च्या मोसमात तो कर्णधार होता. अशा लेखांत एक वाक्य ठरलेलं असतं : ‘एका बाजूने त्याने नांगर टाकला.’ बाबांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, “नांगर टाकला म्हनते, मंग काम अर्ध्यावरच सोडलं ना त्यानं? त्याचं कौतुक कायले?”

वावराच्या हिशेबाने त्यांचं काही चुकत नाही. नांगर धरतात, जुंपतात, हाकतात. टाकला म्हणजे सोडला. आणि इथे तर दिवस-दिवस खेळपट्टीवर उभ्या राहणाऱ्या माणसाबद्दल बोलणं चाललंय. हा वाक्प्रचार आला कुठून? ‘टुकटुक करणे’ आणि ‘नांगर टाकणे’ एकच का?

गलबत (मूळ गुहागर, नोकरीने पुसद)

भाऊ, तुमच्या बाबांचा नांगर वेगळा आणि हा वेगळा. हा आमच्या किनाऱ्यावरचा. होडीचा नांगर लोखंडी असतो, त्याला वाकड्या नख्या असतात. दोर बांधून पाण्यात सोडला की त्या नख्या तळाच्या वाळूत रुततात आणि होडी ओहोटीबरोबर वाहून जात नाही. निघायची वेळ झाली की ‘नांगर उचलला’. पुसदला समुद्र नाही, त्यामुळे हा घोटाळा होणारच.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. नांगर टाकलेली होडी लाकडाच्या ओंडक्यासारखी गप्प पडून नसते. वाऱ्याप्रमाणे तोंड फिरवते, डुलते, फक्त जागा सोडत नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला वाटतं इथेच आहे.

निवृत्त मास्तर (चांदूर रेल्वे)

गलबतराव, छान सांगितलंत. थोडी भर घालतो. शेतातला नांगर संस्कृत ‘लांगल’वरून आला. जहाजाच्या नांगराचं नातं फारसी ‘लंगर’शी आहे. दोन वेगळ्या घरचे शब्द मराठीत येऊन एकाच नावाने राहू लागले. शेतकऱ्याने एक ऐकायचा, कोळ्याने दुसरा. वर्तमानपत्रांची क्रिकेटची भाषा घडली ती मुंबई-पुण्याकडे, म्हणून तिथे समुद्र आहे. यवतमाळात घडली असती तर कदाचित ‘खुंटा रोवला’ म्हटलं असतं.

आता टुकटुक. हा शब्द हिणवण्याचा आहे. धाव काढायची संधी असतानाही जो नुसता चेंडू अडवत बसतो तो टुकटुक. नांगर टाकणाऱ्याकडे कारण असतं : दुसऱ्या टोकाचे लोक जोखीम घेताहेत किंवा बाद होताहेत, म्हणून एकाने जागा धरायची. धावा तोही काढतो. मार्च २०१८मध्ये नागपूरजवळच्या जामठ्याला इराणी करंडकात वसीम जाफर विदर्भाकडून २८६ धावांवर बाद झाला, तेव्हा त्याने नुकतीच चाळिशी गाठली होती. २८६ला कोण टुकटुक म्हणेल?

टुकटुकीचं उदाहरण हवं तर पहिल्या विश्वचषकात जावं लागेल. ७ जून १९७५, लॉर्ड्स. इंग्लंडच्या ६० षटकांत ३३४ धावा. उत्तरात सुनील गावसकर शेवटपर्यंत उभे राहिले आणि १७४ चेंडूंत नाबाद ३६. संघ १३२वर थांबला. इथे नांगर टाकला म्हणता येत नाही, कारण जिथे जायचं होतं तिकडे गलबत निघालंच नाही.

आणि तेच गावसकर ३१ ऑक्टोबर १९८७ला आपल्या नागपुरात, सिव्हिल लाइन्सच्या जुन्या व्हीसीए (विदर्भ क्रिकेट असोसिएशन) मैदानावर, अंगात ताप असताना न्यूझीलंडविरुद्ध ८८ चेंडूंत नाबाद १०३ करून गेले. त्यांच्या एकदिवसीय कारकिर्दीतलं एकमेव शतक. त्याच सामन्यात चेतन शर्माने विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक घेतली. माणूस तोच, तंत्रही बहुतेक तेच. शब्द बदलतो तो परिस्थितीने.

याच वस्तीतले आणखी काही शब्द आहेत, लोक ते सरसकट एकमेकांच्या जागी वापरतात :

‘जम बसणे’ ही सुरुवात. चेंडू नीट दिसायला लागला, पाय हलायला लागले. जम बसल्यावरही माणूस पुढच्याच चेंडूवर बाद होऊ शकतो. ‘तग धरणे’त नुसतं टिकणं आहे, त्यात रुबाब नाही. ‘किल्ला लढवणे’ म्हणजे बाकीचे एकामागून एक गेले आणि हा एकटा उरला. ‘खिंड लढवणे’ अर्थात बाजीप्रभूंचं. ते तळाच्या फलंदाजांना शोभतं. सामना वाचवायचा आहे, तासभर काढायचा आहे, धावांशी घेणंदेणं नाही. सलामीवीराने पहिल्या सकाळी खिंड लढवली असं कुठे वाचलं की माझा लाल पेन आपोआप हातात येतो.

भोंगा (मोर्शी तालुका)

मास्तर, नमस्कार. मी गावोगावच्या टेनिस बॉल टुर्नामेंटमधी माईकवर बोलतो. तुमचे हे शब्द भोंग्यावर चालत नाहीत बाप्पा. ‘त्रिफळाचीत’ म्हटलं तं लोकायले वाटते चूर्णाची जाहिरात सुरू झाली. ‘दांडी गुल’ म्हना, बांधावर बसलेले पोट्टे उठून उभे राह्यतेत.

आमचे शब्द हे पाहा. ‘लप्पा’ म्हंजे डोये मिटून फिरवलेली बॅट. लागला तं छक्का, नाही तं दांडी. चौकार-षटकार कोनी म्हनत नाही, चौका-छक्का. बॅटच्या कडेले लागून कीपरच्या बाजूनं निंगाला तं ‘कट’. आन् ‘सरपटी’ म्हंजे टप्पा पडल्यावर बॉल उठलाच नाही, मातीले घासत गेला.

सरपटीचं जास्तच सांगतो, कारन आमच्याकडे सगळ्यात जास्त विकेटा तिच्याच. तुरी निंगाल्या का वावर खाली होते. मंग वखर मारतो, पानी शिंपतो, रोलर नसते म्हनून भरलेला ड्रम लोयवतो. दोन दिवस पिच कसं गुळगुळीत दिसते. पन कायी माती हाय, ऊन लागलं का फाटते. बॉल भेगेच्या या कडेवर पडला तं कानापाशी, त्या कडेवर पडला तं घोट्यापाशी. त्यात म्याच आठ ओवरची. अशा पिचवर नांगर टाकून कोन उभा राह्यन? म्हनून आमच्यात त्या शब्दाचं कामच पडत नाही. टुकटुक मात्र हाय, आन् ती शिवीच हाय. तुमचं म्हननं तेवढं पटलं.

पऱ्हाटी

भोंगा भाऊ, ‘एलबी’, म्हणजे पायाने चेंडू अडवला म्हणून बाद, तुमच्या टुर्नामेंटमध्ये धरता का?

भोंगा

नाही ना. एलबी देल्ली तं म्याच सोडून अंपायरचाच निकाल लागते.

निवृत्त मास्तर

म्हणजे ‘पायचीत’ तुमच्याकडे शब्द म्हणूनही नाही आणि नियम म्हणूनही नाही. गंमत बघा, ‘चीत’ आला कुस्तीच्या आखाड्यातून. पाठ मातीला लागली की चीत. पायचीत झालेला बिचारा चांगला ताठ उभा असतो, बहुतेक वेळा पंचाकडे डोळे वटारून.

वहीतला हिशेब (अमरावती)

मूळ प्रश्न फैज फजलचा होता, तर त्याच्या कारकिर्दीतला एक शब्द घेतो : ‘नाबाद’.

फैज नागपूरचा, डावखुरा सलामीवीर. २००३मध्ये विदर्भाकडून पदार्पणातच शतक केलं. मधे काही मोसम रेल्वेकडून खेळला, परत विदर्भात आला. भारतीय संघात निवड झाली तेव्हा वय ३०. १५ जून २०१६, हरारे. झिम्बाब्वे १२३वर सर्वबाद. के. एल. राहुल नाबाद ६३, फैज नाबाद ५५, भारत १० गडी राखून विजयी. भारताकडून त्याचा हा पहिला सामना आणि हाच शेवटचा.

आता त्याची एकदिवसीय सरासरी काढून दाखवा.

सरासरी म्हणजे डावांनी भागायचं असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. एकूण धावांना भागायचं ते ‘किती वेळा बाद झाला’ या आकड्याने. फैज बाद झालाच नाही. ५५ भागिले शून्य. गणित तिथे हात टेकतं, म्हणून विक्रमांच्या तक्त्यात त्याच्या सरासरीच्या रकान्यात नुसती आडवी रेघ असते. गुणवान खेळाडूला एकच सामना मिळाला आणि त्या सामन्याचं मोजमापही आकड्यात बसलं नाही. मला ती रेघ शंभरच्या सरासरीपेक्षा जास्त बोलकी वाटते.

रणजीत मात्र हिशेब भरपूर आहे. २०१७-१८च्या विजेत्या मोसमात ९१२ धावा. इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध त्याच्या ६७, यष्टिरक्षक अक्षय वाडकरच्या १३३, आणि रजनीश गुरबानीची हॅटट्रिक. पुढच्या वर्षी करंडक पुन्हा आपलाच, कर्णधारही तोच. फेब्रुवारी २०२४मध्ये निवृत्त झाला तेव्हा प्रथम श्रेणीत नऊ हजारांवर धावा आणि २४ शतकं होती.

‘नाबाद’ आता मैदानाबाहेरही गेला आहे. आमच्या चौकात पुढाऱ्याच्या वाढदिवसाला ‘नाबाद ७५’चा फ्लेक्स लागला होता. ‘बाद’चा वापर मात्र कागदपत्रांत जुनाच आहे : अर्ज बाद, मत बाद. त्याच पुढाऱ्याचा अर्ज बाद झाला तेव्हा फ्लेक्स कोणी लावला नाही.

कव्हर-पॉइंट (वर्धा)

‘फलंदाज’बद्दल कोणीच काही बोललं नाही म्हणून लिहिते. सप्टेंबर २०२१मध्ये एमसीसीने, म्हणजे क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या लंडनच्या क्लबने, नियमांत ‘बॅट्समन’ काढून ‘बॅटर’ घातला. टीव्हीवर त्यावरून केवढी चर्चा! आपल्याला काहीच बदलावं लागलं नाही. तो फलंदाज, ती फलंदाज. नागपूरची मोना मेश्राम २०१७च्या विश्वचषकासाठी भारतीय संघात होती, तेव्हाही मराठी पेपरात ‘फलंदाज’च होतं. तरी गावात मुली खेळायला उतरल्या की माईकवरून ‘लेडीज बॅट्समन’ ऐकू येतं. भोंगा दादा, हे तुमच्यासाठी.

भोंगा

ताई, पुढच्या वक्ती ‘फलंदाज’ म्हनतो. पन तो शब्द बनला कसा ते सांगा कोनी.

निवृत्त मास्तर

‘गोलंदाज’ आधीपासून होता. पेशवाईत गोलंदाज म्हणजे तोफेवरचा माणूस. ‘अंदाज’ फारसीतला, टाकणारा किंवा फेकणारा. तीरंदाज बाण सोडतो, गोलंदाज गोळा. क्रिकेट आलं तेव्हा चेंडू टाकणाऱ्याला गोलंदाज हे नाव अगदी चपखल बसलं. मग त्याला जोडीदार हवा म्हणून बॅटच्या ‘फळी’वरून ‘फलंदाज’ घडवला. व्युत्पत्तीने पाहिलं तर अर्थ होतो फळी फेकणारा. तसे काही असतात, पण ते बाद झाल्यावर, तंबूत पोचल्यावर.

आपल्याकडे फळीला ‘फयी’ म्हणतात म्हणून ‘फयंदाज’ म्हणायला हरकत नाही असं माझे विद्यार्थी म्हणायचे. मी हरकत घेत असे.

‘षटक’ असाच घडवलेला. सहा चेंडूंचं म्हणून षटक. पण ऑस्ट्रेलियात १९७८-७९च्या मोसमापर्यंत एका ओव्हरमध्ये आठ चेंडू असायचे. मराठी पेपर त्यालाही षटकच म्हणत. काटेकोर राहायचं तर अष्टक म्हणावं लागलं असतं, आणि मग ते गणपतीपुढे म्हणायचं स्तोत्र वाटलं असतं.

गलबत

आणि ‘भोपळा’? शून्यावर बाद झालेल्याने भोपळाही फोडला नाही म्हणतात.

वहीतला हिशेब

आकार, दुसरं काय. परीक्षेत शून्य मिळालं तरी भोपळाच. विदर्भात त्या भाजीला कोहळं म्हणतात, पण ‘कोहळं फोडलं नाही’ असं कोणी म्हणताना ऐकलं नाही. पोळ्याला कोहळ्याचे बोंड खाणारा माणूसही स्कोअर सांगताना भोपळाच म्हणतो.

पऱ्हाटी

बाबांना होडीचा नांगर समजावला, पटला. आता त्यांची नवी शंका. उमेश यादवला कोणता शब्द लावायचा? वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा पोरगा, २०११ला विदर्भाचा पहिला कसोटीपटू झाला, म्हणून आमच्या घरी तो लाडका आहे. तो गोलंदाज, मान्य. पण ऑक्टोबर २०१९मध्ये रांचीला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १० चेंडूंत ३१ धावा, त्यात ५ षटकार. तेही कसोटीत!

निवृत्त मास्तर

‘शेपटाचा तडाखा’. तळाच्या फलंदाजांना शेपूट म्हणतात. ते एरवी वळवळतं, क्वचित असा तडाखा देतं.

भोंगा

लप्पे होते ते, मास्तर. शुद्ध लप्पे. पहिल्या दोन बॉलवर दोन छक्के. आमच्या वावरातला मानूस वाटला.

कव्हर-पॉइंट

मग अमरावतीच्या जितेश शर्माला काय म्हणायचं? मे २०२५मध्ये आयपीएलमध्ये लखनौविरुद्ध ३३ चेंडूंत नाबाद ८५. बंगळूरुचा त्या दिवशीचा कर्णधारही तोच. ते लप्पे नव्हते. प्रत्येक फटका ठरवून, जागा पाहून. ‘फिनिशर’ला, म्हणजे शेवटी येऊन सामना संपवणाऱ्याला, मराठीत शब्द काय? पेपरात ‘विजयवीर’ वगैरे छापतात, पण तो फिनिशर हरलेल्या सामन्यातही फिनिशरच असतो.

वहीतला हिशेब

‘तडीस नेणारा’ हे वर्णन आहे, नाव नाही. ‘सलामीवीर’ जसा रुळला तसा याच्यासाठी एकही रुळला नाही, कारण ही भूमिकाच नवी. पूर्वी सहाव्या-सातव्या क्रमांकावर येणाऱ्याला नुसता क्रमांक असायचा.

पऱ्हाटी

आपल्याकडे ‘निपटवणे’ आहे की. काम निपटवलं, भांडण निपटवलं. निपटवणारा तो ‘निपट्या’. वऱ्हाडी शब्द, सुटसुटीत. भोंगा भाऊ, वापरून पाहा माईकवर.

भोंगा

नको बाप्पा. ‘आता निपट्या मैदानात येत हाये’ म्हटलं तं पोट्टे त्याले पान्याचा डबा नेऊन देतीन.

निवृत्त मास्तर

तूर्त ‘फिनिशर’ राहू द्या.