मदत हवी आहे : गोळी लागलेल्या चितळाच्या मागावर लगेच जावे की थांबावे?

नमस्कार. माझे शेत यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. परवा विजेची पाळी रात्रीची असल्याने मी आणि आमचे सालदार काका हरभऱ्याला पाणी भरत होतो. पहाटे पाचच्या सुमारास नाल्याच्या बाजूने बंदुकीच्या बाराचा आवाज आला आणि थोड्याच वेळात बॅटरीच्या उजेडात एक चितळाची मादी बांध ओलांडताना दिसली. तिने उडी मारली नाही की ती उधळली नाही. पाठीला कुबड काढून, मान खाली घालून, एकेक पाऊल टाकत ती शेजारच्या तुरीत शिरली.

आम्ही जेमतेम पंधरा मिनिटांत तिच्या मागे निघालो. काका पावरा समाजाचे असून माग ओळखण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या शिवारात कोणी नाही. मागावर पाय न देता ते कडेकडेने चालत होते आणि जिथे रक्त दिसे तिथे तुरीच्या फांदीला केळीच्या सोपटाची पट्टी बांधत होते. साधारण दीडशे पावलांवर ती बसून उठल्याची जागा सापडली. दबलेल्या गवतावर काळपट रक्त होते, त्यात हिरवट चोथा मिसळलेला होता आणि त्याला उग्र घाण वास येत होता. आमची चाहूल लागताच ती तिथून उठली असावी, कारण पुढे खुरांचे ठसे खोल आणि लांब अंतरावर पडलेले होते. रक्त मात्र थेंबाथेंबाने कमी होत नाल्याच्या खडकांत पूर्ण थांबले. उजाडल्यावर मी वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवले. वनरक्षक आले, आम्ही दुपारपर्यंत मिळून शोधले, परंतु ती सापडली नाही.

माझा मावसभाऊ अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये राहतो. तिथे नोव्हेंबरमध्ये नऊ दिवस परवान्यावर बंदुकीने हरणांची शिकार चालते. फोनवर हकिकत ऐकताच तो म्हणाला की ही गोळी पोटात लागली आहे. त्याच्या सांगण्यानुसार छातीत गोळी लागलेले हरीण बहुधा उसळते किंवा मागचे पाय झाडून सुसाट पळते, आणि फुप्फुसाचे रक्त गुलाबी व फेसाळ असते. यकृताचे रक्त गडद असते. पायाला लागल्यास सुरुवातीला पुष्कळ रक्त सांडते आणि मग माग तुटतो. पोटात लागलेले जनावर थोड्या अंतरावर जाऊन बसते, म्हणून तिथले शिकारी सहा ते बारा तास त्याच्याकडे फिरकत नाहीत. लगेच मागे लागल्यास ते उठून फार दूर जाते आणि मग हाती लागत नाही.

हे ऐकल्यापासून मी अस्वस्थ आहे. शिकारी थांबतो तो जनावर मरावे म्हणून; आम्हाला तर तिला वाचवायचे होते. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे जखमी हरणाच्या मागावर जाण्याचा आमच्यासारख्यांचा हेतू एवढाच असू शकतो. पण पोटातली जखम तासागणिक चिघळत असताना नुसते थांबायचे, हे मनाला पटत नाही. दुसरीकडे हरणे धास्तीनेही दगावतात, पाठलागाच्या ताणाने त्यांचे स्नायू निकामी होतात, हेही खरे आहे.

वन्यप्राण्यांच्या बचावाचे काम केलेल्यांनी किंवा पशुवैद्यकांनी कृपया सांगावे : अशा वेळी जनावर बसले आहे हे कळल्यावर दुरून नजर ठेवून, बेशुद्ध करणारे पथक येईपर्यंत थांबणे योग्य ठरले असते का? पोटात गोळी लागलेले चितळ उपचाराने वाचते का? आज तिसरा दिवस आहे. काका म्हणतात की ती पाण्याजवळच असेल. आम्ही नाल्याचे डोह उद्या पुन्हा पाहावेत, की आमच्या जाण्याने ती जिवंत असल्यास आणखी दूर जाईल?