पाहुण्यांना गोकाक दाखवायचं की शहापूर?

शहापूरकर: पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की आपला बेत ठरलेला. सकाळी किल्ल्यातलं कमलबस्ती हे जैन मंदिर, दुपारी गोकाकचा धबधबा, निघताना कुंदा मिठाईचे दोन डबे. झालं बेळगाव! माझं म्हणणं, एकदा गोकाक गाळा. बेळगावातल्याच शहापूर-वडगावच्या गल्ल्यांतून चालवा, विणकरांच्या मागांचा खडखडाट ऐकवा. खडेबाजारात न्या. तिथला दुकानदार एका गिऱ्हाइकाशी मराठी, दुसऱ्याशी कन्नड, तिसऱ्याशी उर्दू बोलतो, मध्ये दमही घेत नाही. पेपरात नुसता सीमावाद वाचून आलेल्यांनी हे बघायला हवं. आणि मांडे खाऊ घाला.

खानापूरची लेक: मांडे कुठं घालणार खायला? आमच्याकडं तो लग्नाचा पदार्थ. पीठ हातावर ताणून ताणून पार पातळ करायचं, उलट्या खापरावर टाकायचं, पिठीसाखर, तूप, खसखस घालून गरम आहे तोवर घडी मारायची. गार झालं की मोडतंय. करणाऱ्या बायकांचे हात बघितल्याशिवाय त्यातलं काय कळणार? डब्यातले विकत आणून दिलात तर पाहुणे मनातच मांडे खात परत जातील. आणि विणकराच्या दारात उभं राहून फोटो काढणं मला पटत नाही. माग थांबला की त्याची मजुरी थांबते.

टिळकवाडी: प्रसिद्ध झालं म्हणून टाकून द्यायचं, हा कुठला न्याय? कमलबस्ती 1204 सालची, रट्ट राजांच्या काळातली. तिच्या छतातलं दगडी कमळ मान वर करून किती बेळगावकरांनी बघितलंय? गोकाकला घटप्रभा 52 मीटर खाली कोसळते, खरं ते पावसाळ्यात. एप्रिलमध्ये पाहुण्यांना नेऊन खडक दाखवायचा आणि मग धबधब्याला नावं ठेवायची! गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते एकदाच, 1924 च्या बेळगाव अधिवेशनात. ती जागा इथंच, टिळकवाडीत. ते ‘प्रसिद्ध’ असून कोण दाखवतंय?

शहापूरकर: म्हणजे तुम्हीही माझंच बोलताय की. डबा घेऊन पळू नका, थांबून बघा. फोटोचं म्हणाल तर विचारून आत जावं, एखादी साडी घ्यावी. बघ्यांपेक्षा गिऱ्हाईक बरं. आणि वैशाखात कुणी येणार असेल तर शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक धरून बोलवा. रात्रभर जागायची तयारी ठेवून.

खानापूरची लेक: साडी घ्या, खरं भाव पाडून मागू नका म्हणावं. मांड्यांचं माझं मत तेच. लग्नाला बोलवा त्यांना.