‘निरपेक्ष संदर्भ’ की ‘डॉलर लावलेला’?

दोरकस: पतसंस्थेतल्या कर्मचाऱ्यांसाठी एक्सेलची मराठी टिपणं लिहितोय. बी१ मध्ये व्याजदर, ९ टक्के. सी२ मध्ये =ए२*बी१ लिहून खाली ओढलं की पुढच्या ओळीत ए३*बी२ होतं, बी२ रिकामा, व्याज शून्य! म्हणून सूत्रातल्या बी१ वर कर्सर ठेवून एफ४ दाबायचं, $बी$१ होतं, मग खाली ओढलं तरी ते बदलत नाही. याला, म्हणजे इंग्रजीतल्या ‘ॲब्सोल्यूट रेफरन्स’ला, मी ‘निरपेक्ष संदर्भ’ लिहिलं, तर तिथल्या एक बाई म्हणाल्या, “निरपेक्ष म्हणजे काही न मागता राबणारा ना?” दुसरा शब्द सुचवा.

बाराखडी: बाईंचं बरोबर आहे. निरपेक्ष प्रेम, निरपेक्ष सेवा. गणितात ‘केवल मूल्य’ आहेच, ‘केवल संदर्भ’ करा.

पाऊणशहाणा: म्हणजे ‘नुसता संदर्भ’? ‘निरपेक्ष’ला काय धाड भरलीय? सापेक्षतेचा सिद्धांत चालतो ना? संस्कृतात अपेक्षेत ‘ईक्ष्’ आहे, पाहणं. बी१ आजूबाजूला बघतच नाही, म्हणून निरपेक्ष.

खतावणी: तीस वर्षं हिशेब केले, ऑफिसात एकच ऐकलं, “डॉलर लावलास का?” एक्सेलआधीच्या लोटस १-२-३ या स्प्रेडशीट प्रोग्रॅमपासून (१९८३) डॉलरही आहे आणि एफ४ही. त्याआधीच्या व्हिजिकॅल्कमध्ये (१९७९) डॉलर नव्हता. सूत्र उतरवताना ते दर संदर्भाला विचारायचं, बदलू की तसाच ठेवू? आमचे साहेब मात्र शेवटपर्यंत “रुपया लाव” म्हणाले.

पाऊणशहाणा: आणि बी$१ ला काय म्हणणार, अर्धा डॉलर? एफ४ दुसऱ्यांदा दाबलं की फक्त ओळ पक्की, तिसऱ्यांदा फक्त स्तंभ, चौथ्यांदा सगळं मोकळं.

बाराखडी: अहो, तुम्हीच ‘पक्का’ म्हणालात! पक्का संदर्भ, कच्चा संदर्भ. झालं.

पाऊणशहाणा: कच्चा म्हणजे चुकीचा वाटेल.

नवशिकी: माझ्या लॅपटॉपवर एफ४ दाबलं की आवाजच बंद होतो :(

खतावणी: सोबत एफएन दाब गं. मॅक असेल तर कमांड आणि टी.

बाराखडी: बाकी ‘स्तंभ’ कशाला? रकाना म्हणा.

पाऊणशहाणा: रकाना म्हणजे फॉर्मातली चौकट. “योग्य रकान्यात खूण करा.” तो तर सेलला हवा.

बाराखडी: सेलला कप्पा. वर्तमानपत्रातला रकाना कधी चौकोनी पाहिलाय?

दोरकस: टिपणं उद्या छापायला जातायत हो. बी१ चं काय करू?

खतावणी: आमच्या वहीत रकाना उभाच असायचा.