विनो : पाखडणे की उफणणे?
इंग्रजीतल्या 'विनो' (winnow) या क्रियापदाचा अर्थ पाखडणे असा सांगितला जातो. बरोबर आहे, पण अर्धंच. हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या 'विंड'वरून, म्हणजे वाऱ्यावरून आलाय, त्यामुळे त्याला जास्त जवळचं आपलं क्रियापद उफणणे. आमच्या खळ्यावर आजोबा तिवईवर उभे राहून पाटी डोक्याच्या वर धरायचे आणि हळूहळू हलवायचे. ज्वारी सरळ पायाशी पडायची, भूस वाऱ्याबरोबर लांब जायचं. वारा पडला की काम थांबलं. सुपाने पाखडायला वारा लागत नाही. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द. मराठीने हा फरक जपलाय याचं मला फार अप्रूप वाटतं.

छाननी करणे या अर्थाने 'विनो' वापरताना त्याच्यापुढे येणारा शब्द बघा: शंभर अर्जांचे दहा उरले तर 'विनो डाउन', नव्वद बाजूला काढले तर ते 'विनो आउट'.